मॉरिस नाचाचे आश्रयदाते

मद्य आणि नृत्य हे दोन शब्द एका वाक्यात आले की मराठी वाचकाच्या मनात जे चित्र उभे राहते ते फारसे प्रतिष्ठित नसते, आणि त्याला तसे वाटण्यास आपल्या समाजाचा पूर्वेतिहासही पुष्कळसा कारण आहे. म्हणूनच इंग्लंडच्या एखाद्या खेड्यात, मे महिन्याच्या लांबलेल्या संध्याकाळी, पबाच्या अंगणात सहा प्रौढ गृहस्थ शुभ्र कपडे घालून, पोटऱ्यांना घुंगरांच्या पट्ट्या बांधून, दोन्ही हातांत पांढरे रुमाल घेऊन समोरासमोर नाचत आहेत, आणि गावातली म्हातारीकोतारी माणसे, तरण्या मुली व कडेवर मूल घेतलेल्या गृहिणी हातातला बिअरचा पेला हिंदकळू न देता त्यांना दाद देत आहेत, हे दृश्य त्याला प्रथम कोड्यात टाकते. नाचणारे धंदेवाईक कलावंत नसतात. कोणी शाळामास्तर असतो, कोणी सुतार, कोणी निवृत्त कारकून. पाहणाऱ्यांना त्यात काही आगळे वाटत नाही. नाच संपला की टोपी फिरते, तीत नाणी पडतात, आणि नर्तक घाम पुसत आत जाऊन आपापला पेला भरून आणतात.

ह्या नाचाला मॉरिस म्हणतात. मुलूख बदलला की त्याचा पोशाख, चाल आणि ठेका बदलतो. परंतु मॉरिस म्हणून जगाला जो प्रकार ठाऊक आहे तो ऑक्सफर्डशर, ग्लॉस्टरशर आणि लगतच्या परगण्यांतला, म्हणजे कॉट्सवोल्डच्या टेकड्यांच्या आसपासचा होय. सहा नर्तकांचा एक ताफा असतो. पदन्यास शिकवणारा व नाच चालू असताना पुढच्या फेरीची हाक देणारा एक म्होरक्या असतो. हिशेब आणि पत्रव्यवहार सांभाळणारा एक कारभारी असतो. आणि दोन ओळींमधून स्वैर भटकत, काठीच्या टोकाला बांधलेल्या फुगवलेल्या मूत्राशयाने नर्तकांना व प्रेक्षकांना सारख्याच निःपक्षपातीपणे टपल्या मारणारा एक सोंगाड्या असतो, जो वरवर सर्वांत वेडगळ दिसत असला तरी बहुधा ताफ्यातला सर्वांत मुरलेला नर्तक असतो. वाद्य म्हणून पूर्वी एकच माणूस डाव्या हाताने तीन भोकांचा पावा वाजवी आणि त्याच हाताला अडकवलेले छोटे ढोलके उजव्या हातातल्या काडीने बडवी. पुढे व्हायोलिन आले, आणि एकोणिसाव्या शतकात भात्याची छोटी षट्कोनी पेटी, कॉन्सर्टिना, आली. कधी रुमाल, कधी काठ्या. काठ्या एकमेकींवर आदळतात तेव्हा त्यांच्या कपच्या पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकांपर्यंत उडतात. बॅम्प्टन, ब्लेडिंग्टन, ॲडरबरी, हेडिंग्टन क्वारी अशी गावे एकमेकांपासून एका दिवसाच्या चालीवर असली, तरी तीच धून तिथे वेगळ्या पावलांवर नाचली जाते आणि जाणकार माणूस दोन उड्यांतच गाव ओळखतो.

ह्या नाचाचे मूळ ख्रिस्तपूर्व काळातल्या कुठल्यातरी भूमिपूजनात किंवा वसंतातल्या बलिविधीत आहे, असे सांगण्याची एक जुनी हौस इंग्लंडात आहे. १८९० साली जेम्स फ्रेझरचा ‘द गोल्डन बाऊ’ हा ग्रंथ निघाल्यापासून तर जिथे म्हणून घुंगरू वाजले तिथे तिथे विद्वानांना आदिम यज्ञाचा ध्वनी ऐकू येऊ लागला. ह्या कल्पनेला काव्य पुष्कळ आहे. दफ्तरात मात्र तिला आधार नाही. दफ्तरातला पहिला उल्लेख १४४८ सालचा आहे, आणि तो कुठल्या मंत्राचा नसून निव्वळ खर्चाचा आहे: लंडनच्या सोनारांच्या श्रेणीने आपल्या मेजवानीच्या वेळी मॉरिस नाचणाऱ्यांना सात शिलिंग दिले. त्यानंतर सातव्या व आठव्या हेन्रीच्या दरबारी हिशेबांत हे नर्तक दिसू लागतात. म्हणजे हा नाच शेताच्या बांधावरून राजवाड्यात गेला नसून धनिकांच्या दिवाणखान्यातून हळूहळू खेड्यात उतरला, असे मानणेच सयुक्तिक होय. मला ह्यात त्या नाचाचा कमीपणा वाटत नाही. उलट, ज्याचा प्रत्येक आश्रयदाता कालांतराने त्याला सोडून गेला आणि तरीही जो दर वेळी दुसरा शोधून जगला, त्याचा इतिहास बलिविधीच्या दंतकथेहून अधिक वाचनीय आहे. तो इतिहास वाचायचा तर नाच कसा होता ह्यापेक्षा नर्तकांची बिदागी आणि त्यांच्या पेल्यातली बिअर कोणाकडून येत होती, हे आधी पाहावे लागते.

दरबारानंतरचा दुसरा आश्रयदाता, आज कोणाला खरे वाटणार नाही, पण चर्च हा होता. पंधराव्या-सोळाव्या शतकांत इंग्लंडच्या गावोगाव चर्चचे कारभारी वर्षातून एकदा, बहुधा ईस्टरनंतरच्या सातव्या रविवारी येणाऱ्या व्हिटसनच्या सणाला, चर्चच्याच खर्चाने मोठ्या प्रमाणावर बिअर गाळवीत, ती गावाला विकत, आणि जो नफा उरे त्यातून छपराची डागडुजी, घंटेची दोरी व गोरगरिबांची सोय लावीत. गिऱ्हाईक यावे म्हणून खेळ, सोंगे आणि नाच. टेम्स नदीकाठच्या किंग्स्टन गावी सोळाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतले चर्चचे हिशेब शिल्लक आहेत. त्यांत मॉरिस नर्तकांचे अंगरखे, जोडे आणि घुंगरे ह्यांवरचा खर्च मेणबत्त्यांच्या खर्चाइतक्याच निर्विकारपणे नोंदलेला आहे. पोशाख चर्चच्या मालकीचे असत, पेटीत जपून ठेवले जात आणि शेजारच्या गावाला भाड्यानेही दिले जात.

ह्या जुन्या व्यवस्थेचा एक अवशेष स्टॅफर्डशरमधल्या ॲबट्स ब्रॉम्ली गावी अजून पाहायला मिळतो. तिथल्या चर्चमध्ये रेनडियरच्या शिंगांच्या सहा जोड्या टांगलेल्या असतात. सप्टेंबरच्या आरंभीच्या एका ठरावीक सोमवारी सकाळी त्या खाली काढून सहा नर्तक खांद्यावर पेलतात, आणि एक धनुर्धर, एक लाकडी घोडा, एक सोंगाड्या व स्त्रीवेषातला एक पुरुष ह्यांच्यासह ते वाड्यावस्त्यांवरून, शेतांवरून व गावातल्या पबांवरून दिवसभर फिरून रात्री शिंगे पुन्हा चर्चमध्ये नेऊन ठेवतात. १९७६ साली त्यांतल्या एका शिंगाची कार्बन-परीक्षा झाली तेव्हा ते अकराव्या शतकातले निघाले. शिंगे जुनी म्हणून नाचही तितकाच जुना, असे अर्थात ठरत नाही. मला त्याहून मोलाची वाटते ती रॉबर्ट प्लॉटने १६८६ साली केलेली नोंद: ह्या नाचाच्या फेरीत जमणाऱ्या पैशांतून, तो लिहितो, त्या लोकांनी आपले चर्च दुरुस्त केले आणि आपले गरीब पोसले.

धर्मसुधारणेच्या लाटेत ही मैत्री तुटली. १५८३ साली फिलिप स्टब्ज नावाच्या लेखकाने समाजाच्या दुराचारांवर एक जळजळीत ग्रंथ लिहिला. त्यात घुंगरे वाजवीत, ढोलके बडवीत, लाकडी घोडे नाचवीत थेट चर्चच्या आवारात घुसणाऱ्या तरुणांचे जे वर्णन आहे ते निषेधाच्या हेतूने लिहिलेले असूनही इतके जिवंत आहे की आजचे अभ्यासक स्टब्जचे ऋणीच आहेत. शत्रूने इतक्या बारकाईने पाहावे, ह्याहून चांगला पुरावा दुसरा कोणता?

त्याच सुमारास विल केम्प नावाच्या नटाने ह्या नाचाला एक विलक्षण जाहिरात मिळवून दिली. केम्प हा शेक्सपिअरच्या नाटकमंडळीतला विनोदी नट; मंडळीशी त्याचे फाटले, आणि १६०० सालच्या फेब्रुवारीत तो पैजेवर लंडनहून नॉरिचपर्यंत, म्हणजे शंभराहून अधिक मैल, मॉरिस नाचत निघाला. नाचण्याचे दिवस नऊ. मधल्या विश्रांतीसह प्रवास काही आठवड्यांचा. सडबरी गावी एक धिप्पाड खाटीक त्याच्याबरोबर नाचायला उतरला आणि अर्ध्या मैलातच हाशहुश करीत थांबला. तेव्हा गर्दीतल्या एका रांगड्या शेतकरी मुलीने त्या खाटकाला भित्रा ठरवले, घागरा खोचला, केम्पकडून घुंगरे मागून घेतली आणि पुढचा सबंध मैल त्याच्या बरोबरीने नाचून दाखवला. निरोप देताना केम्पने तिला एक क्राऊनचे नाणे बक्षीस दिले, ते आणखी पेय घेण्यासाठी. त्याच वर्षी त्याने ह्या प्रवासाची पुस्तिका छापली म्हणून हे आपल्याला ठाऊक आहे. पुढे तीन शतकांनी मॉरिस हा पुरुषांचाच नाच असे ठासून सांगणाऱ्यांनी ती पुस्तिका पुन्हा एकदा वाचायला हरकत नव्हती.

सतराव्या शतकात हा क्षुल्लक वाटणारा नाच राजकारणाचा विषय झाला. पहिला जेम्स १६१७ साली लँकाशरमधून जात असता, रविवारी प्रार्थनेनंतरही आम्हांला खेळू-नाचू देत नाहीत, अशी फिर्याद लोकांनी त्याच्यापुढे मांडली. त्यावर त्याने जे फर्मान काढले आणि पुढच्या वर्षी सबंध इंग्लंडला लागू केले, त्यात धनुर्विद्या, उड्या, व्हिटसनची बिअर आणि मॉरिस नाच ह्यांना नावानिशी मुभा दिली. पहिल्या चार्ल्सने १६३३ मध्ये तेच फर्मान पुन्हा जारी करून प्रत्येक चर्चमध्ये वाचून दाखवण्याचा हुकूम सोडला, आणि पुष्कळ प्युरिटन धर्मोपदेशकांनी ते वाचण्यास नकार दिला. यादवी पेटल्यावर पार्लमेंटने १६४३ साली त्या फर्मानाच्या प्रती जल्लादाच्या हातून जाहीरपणे जाळवल्या. १६६० साली राजसत्ता परत आली तेव्हा नाचही परतला. पण चर्चचे अंगण त्याला परत मिळाले नाही. धर्माधिकाऱ्यांना आता बिअरच्या नफ्याची लाज वाटू लागली होती, आणि चर्चच्या डागडुजीसाठी गावावर रीतसर पट्टी बसवण्याची वहिवाट रुळली होती.

तेव्हा नर्तकांनी रस्ता ओलांडला. बहुतेक इंग्रज खेड्यांत चर्च आणि मद्यगृह एकमेकांसमोर किंवा शेजारी असतात, हे ज्याने पाहिले असेल त्याला ते स्थलांतर किती थोड्या अंतराचे होते हे सांगायला नको. बिअर विकण्याचा परवाना १५५२च्या कायद्यापासून न्यायाधीशांच्या सहीने मिळत असे. परवानाधारकाला सणासुदीला गर्दी हवी असे आणि नर्तकांना अंगण, ओलावा व प्रेक्षक हवे असत. अठराव्या शतकात व्हिटसनचा आठवडा हा ह्या मुलखातल्या शेतमजुरांचा हक्काचा सुटीचा काळ होता. त्या आठवड्यात एकेका गावचा ताफा दुसऱ्या गावांतून, जमीनदारांच्या वाड्यांवरून आणि वाटेतल्या प्रत्येक मद्यगृहावरून नाचत फिरे, आणि वर्षभराच्या तुटपुंज्या मजुरीत त्या कमाईची भर पडे. ह्यात भक्तीपेक्षा अर्थकारण अधिक होते, हे कबूल करण्यात संकोच कशाला? १८३० साली पार्लमेंटने नवा कायदा करून कोणाही करदात्या घरमालकाला अबकारी खात्यात दोन गिनी भरून आपल्या घरात बिअर विकण्याची मोकळीक दिली, तेव्हा पहिल्या सहा महिन्यांतच अशी वीस हजारांवर नवी दुकाने निघाली. परसातल्या खोलीत दोन बाके आणि एक पिंप, एवढ्यावर चालणाऱ्या ह्या बिअरघरांनी मॉरिसला नव्या जागा दिल्या, पण त्याचबरोबर प्रतिष्ठित माणसांच्या नजरेतून त्याला आणखी खालीही ढकलले.

पुढची पन्नास वर्षे ऱ्हासाची. सामायिक माळराने कुंपणात गेली आणि उत्सवाची जागा नाहीशी झाली. दारूबंदीवाल्यांनी व्हिटसनच्या बिअरेऐवजी चहाच्या मेजवान्या सुरू केल्या. आगगाडीने गावातली तरणी पोरे शहराकडे नेली, आणि १८७०नंतर शेतीवर जी मंदी आली तिने उरलीसुरली रया घालवली. ऑक्सफर्डशरच्या परिसरातले एकामागून एक ताफे ह्या काळात विस्कटले. बॅम्प्टनसारख्या दोनचार गावांनी तग धरली.

आता जी हकीगत सांगायची ती ह्या नाचाच्या इतिहासातली सर्वांत प्रसिद्ध आहे, आणि ती पबात न घडता एका खासगी घराच्या दारात घडली. ऑक्सफर्डनजीकच्या हेडिंग्टन क्वारी ह्या वीटभट्ट्यांच्या व दगडखाणींच्या गावचा ताफा १८८७च्या सुमारास बंद पडला होता. पर्सी मॅनिंग नावाच्या ऑक्सफर्डमधल्या एका पुराणवस्तु-संशोधकाने जुन्या नर्तकांना पुन्हा एकत्र आणले आणि १८९९च्या मार्चमध्ये शहरातल्या धान्यबाजाराच्या सभागृहात त्यांचा नाच करवला. त्या वर्षीच्या डिसेंबरात कडाक्याचे हिम पडले. गारठ्यात चुना धरत नाही, त्यामुळे गवंड्यांचे काम थांबले, आणि हाताला काम नाही म्हणून नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ तारखेला, हेडिंग्टनचे नर्तक अवेळीच पोशाख चढवून दारोदार निघाले. सँडफील्ड कॉटेज नावाच्या एका घरी लंडनचे एक संगीत-शिक्षक, सेसिल शार्प, सासुरवाडीच्या लोकांकडे सुटीसाठी उतरले होते. खिडकीतून त्यांनी हिमाच्छादित वाटेवर पांढऱ्या कपड्यांतली, घुंगरे बांधलेली आठ माणसे पाहिली. नाच संपल्यावर त्या लोकांनी आधी क्षमा मागितली: आमचा खरा हंगाम व्हिटसनचा, हे आम्हांला ठाऊक आहे, पण काम बंद पडले आणि चार पैसे हवे होते. कॉन्सर्टिना वाजवणारा विल्यम किंबर हा सत्तावीस वर्षांचा गवंडी दुसऱ्या दिवशी शार्पच्या निमंत्रणावरून पुन्हा आला आणि शार्पने त्याच्याकडून पाच धुना लिहून घेतल्या.

पुस्तकांतून ह्या प्रसंगाला साक्षात्काराचे स्वरूप दिले जाते. वस्तुतः शार्पने त्या धुना लिहून बाजूला ठेवल्या आणि नाचाकडे पाचसहा वर्षे लक्षही दिले नाही. ज्या व्यक्तीमुळे तो कागद पुन्हा बाहेर आला तिचे नाव मेरी नील. लंडनच्या सेंट पँक्रस भागात शिवणकाम करणाऱ्या मुलींसाठी तिने आणि एमेलिन पेथिकने ‘एस्पेरान्स’ नावाचे मंडळ १८९५ साली काढले होते. १९०५ साली ह्या मुलींना गाण्यांबरोबर नाचही शिकवावा म्हणून तिने शार्पकडे चौकशी केली. त्याने किंबरचे नाव सांगितले, आणि ती तडक हेडिंग्टनला जाऊन किंबरला व त्याच्या एका चुलतभावाला लंडनला घेऊन आली. दिवसभर सुई चालवणाऱ्या मुलींनी दोन गवंड्यांकडून नाच उचलला, पुढच्या वर्षी सभागृहात करून दाखवला, आणि त्यांच्यातल्याच काही जणी गावोगाव जाऊन शाळांतून, कारखान्यांतून तो शिकवू लागल्या.

मग दोघांचे बिनसले. नीलचे म्हणणे असे की हा नाच कष्टकरी माणसाच्या अंगातून कष्टकरी माणसाच्या अंगात जावा आणि जाताना थोडा बदलला तरी बिघडत नाही. शार्पचे म्हणणे असे की परंपरा बिनचूक नोंदली पाहिजे आणि शिकवणारा परीक्षा उतरलेला असला पाहिजे. शिक्षणखात्याने १९०९ साली शाळांच्या व्यायामक्रमात लोकनृत्यांचा समावेश केला तेव्हा साहजिकच प्रमाणपत्रांचा पक्ष बलवान झाला. १९११ साली शार्पने आपली लोकनृत्य संस्था स्थापिली, आणि नीलचे काम महायुद्धाबरोबर मिटले. शार्पचे ऋण नाकारता येत नाही. त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी म्हाताऱ्या नर्तकांना गाठून पावलान् पाऊल टिपले नसते तर आज नाचायला फारसे काही उरले नसते. पण मनातले बोलायचे तर ह्या भांडणात माझे मत नीलच्या बाजूला पडते. तिच्या योजनेत गवंडी हा गुरू होता, शार्पच्या योजनेत तो संशोधनाची सामग्री झाला. किंबरपुरते शार्पने हे थोडे भरून काढले. व्याख्यानांना तो त्याला बरोबर नेई, आणि शार्पच्या मृत्यूनंतर लंडनमध्ये त्याच्या नावाचे जे भवन १९३० साली उघडले त्याची एक कोनशिला हेडिंग्टनच्या ह्या गवंड्याच्याच हातून बसवली गेली. किंबर १९६१ साली वारला. त्याच्या थडग्याच्या दगडावर कॉन्सर्टिना आणि घुंगरांच्या पट्ट्या कोरलेल्या आहेत.

शार्पच्या प्रात्यक्षिके करणाऱ्या ताफ्यातल्या तरुणांपैकी चौघे, जॉर्ज बटरवर्थ हा संगीतरचनाकार, रेजिनाल्ड टिडी हा ऑक्सफर्डचा अध्यापक, पर्सिव्हल लुकस आणि जॉर्ज विल्किन्सन, १९१६ साली पहिल्या महायुद्धात पडले. त्या युद्धाने पबालाही एक जखम केली. दारूगोळ्याच्या कारखान्यांतले मजूर शुद्धीवर राहावेत म्हणून सरकारने मद्यगृहांच्या वेळांवर निर्बंध घातले, आणि युद्धकाळापुरती म्हणून आलेली दुपारची सक्तीची बंदी पुढे १९८८ सालापर्यंत उठली नाही.

संस्था आल्या की नियम येतात. १९३४ साली निरनिराळ्या मॉरिस मंडळांनी एकत्र येऊन ‘मॉरिस रिंग’ स्थापिली, आणि ज्या नाचाचे पुनरुज्जीवन शिवणकामाच्या मुलींनी केले होते त्यात स्त्रियांना मज्जाव झाला. १९७५ साली स्त्रियांनी आपली स्वतंत्र संघटना काढली. रिंगने आपले दार त्यांना उघडले ते २०१८ मध्ये. वेल्सच्या सरहद्दीवरच्या ताफ्यांत तोंडाला काळे फासण्याची जी चाल होती ती सोडण्याचा निर्णय ह्या संघटनांनी २०२० साली जाहीर केला, आणि आता बहुतेकांच्या चेहऱ्यावर निळा, हिरवा असा दुसरा कुठलातरी रंग दिसतो. ह्या दोन्ही बदलांनी परंपरा बुडेल असे भाकीत करणारे होते. ताफे पूर्वीसारखेच नाचत आहेत.

मॉरिस अंगणातला नाच असला तरी पबाच्या चार भिंतींच्या आत जन्मलेले किंवा वाढलेले नाचही आहेत. नॉर्थंबरलंड व डरहॅमच्या कोळशाच्या खाणींतले मजूर ‘रॅपर’ नावाचा तलवारीचा नाच करीत. तलवार म्हणजे दोन्ही टोकांना मूठ असलेली लवचिक पोलादी पट्टी. पाच माणसे एकमेकांच्या पट्ट्यांची टोके धरून एक अखंड साखळी करतात, ती न सोडता एकमेकांच्या खालून, वरून आणि कधी सबंध कोलांटी मारून जातात, आणि शेवटी पाचही पट्ट्यांचा गुंफलेला तारा एकाने हात उंचावून दाखवला की खोली दणाणते. ठेका इतका द्रुत आणि वर्तुळ इतके आवळलेले की दोन टेबले सरकवून होणाऱ्या जागेत सबंध नाच मावतो, आणि आजही ह्या नाचाच्या स्पर्धा सभागृहात न भरता गावातल्या निरनिराळ्या पबांत भरतात. परीक्षक आपापल्या पबात बसतात आणि ताफे त्यांच्याकडे फिरतात. पूर्वेकडच्या सफक परगण्यात चाल वेगळी. तिथे एकेक माणूस उठतो, फरशीवर किंवा मुद्दाम आणलेल्या फळीवर जड बुटांनी तालाचे बारकावे वाजवतो, हात सैल सोडतो, चेहरा दगडासारखा ठेवतो आणि जागेवर जाऊन बसतो. ब्लॅक्सहॉल गावच्या ‘शिप’ ह्या पबातली अशी एक संध्याकाळ १९५५ साली चित्रित झाली. तीत एक अध्यक्ष हातोडी आपटून शांतता राखतो आहे आणि ज्याची पाळी येईल तो गातो किंवा नाचतो आहे. दारूच्या जागी इतकी शिस्त पाहून आपल्याकडच्या कित्येक साहित्यसभांच्या अध्यक्षांना हेवा वाटेल.

राज्यसत्तेचे आणि ह्या नाचाचे नाते पहिल्या जेम्सच्या फर्मानाने संपले नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पबात दोनाहून अधिक वादकांनी वाजवायचे तर निराळा परवाना काढावा लागे. ती व्यवस्था मोडून पार्लमेंटने २००३ साली सर्व करमणुकींसाठी एक नवा परवाना-कायदा केला; त्यामुळे खेड्यातल्या नर्तकांनाही अर्ज करीत बसावे लागेल अशी भीती निर्माण झाली, ओरड झाली, आणि अखेरीस कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात मॉरिस नाच, त्यासारखा अन्य नाच आणि त्याला अंगभूत असलेले विजेच्या साहाय्यावाचूनचे संगीत ह्यांना परवान्यातून सूट देणारे कलम घालण्यात आले. ज्या नाचाच्या बाजूचे फर्मान पार्लमेंटने एकदा जल्लादाकडून जाळवले होते त्याला त्याच पार्लमेंटने आपल्या कायद्यात नावानिशी अभय द्यावे, ही घटना इतिहासाला फारशी विनोदबुद्धी नसते असे म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

नाचाला अभय मिळाले. अंगणाला मात्र मिळाले नाही. सन २००० मध्ये ब्रिटनमध्ये साठ हजारांच्या घरात पब होते; आज ते पंचेचाळीस हजारांच्या आसपास आले आहेत. कर वाढले, दुकानातली बिअर स्वस्त झाली, खेड्यांतली जुनी घरे शहरी माणसांनी सुटीसाठी विकत घेतली, आणि ज्या पबासमोर पिढ्यान् पिढ्या नाच झाला त्याच्या दारावर निवासी बंगल्याची पाटी लागली. दरबार गेला, चर्च गेले, जमीनदार गेला, तेव्हा प्रत्येक वेळी रस्त्यापलीकडे दुसरे कोणीतरी उभे होते. पब गेल्यावर कोण उभे राहील ते मला दिसत नाही, आणि मॉरिसच्या भवितव्याची मला जी काही चिंता वाटते ती तरुण नर्तक मिळतील की नाही ह्याबद्दल नसून ह्याबद्दल आहे.

ज्या मराठी वाचकाला हे सारे प्रत्यक्ष पाहण्याचा योग येईल त्याने मेअखेरीच्या सोमवारी ऑक्सफर्डच्या पश्चिमेस असलेल्या बॅम्प्टनला जावे. व्हिटसनचा सोमवार ईस्टरबरोबर मागेपुढे होई. सरकारने त्याऐवजी मे महिन्याचा शेवटचा सोमवार सुटीचा ठरवला, आणि बॅम्प्टनने नाचही त्या दिवशी आणला. गाव लहान असूनही तिथे एकाहून अधिक ताफे आहेत, कारण १९२०नंतरच्या दशकात नर्तकांत फूट पडली. सकाळी घरोघरच्या बागांतून आणि संध्याकाळी पबांच्या अंगणांतून नाच होतो. प्रवेशाला तिकीट नाही. फुलांनी सजवलेल्या तलवारीत खोवलेल्या डब्यातून केकचा तुकडा वाटत एक गृहस्थ फिरत असतो. तो तुकडा शुभ मानतात, घ्यावा, आणि टोपी पुढे आली की तीत चारदोन नाणी टाकावी, कारण ह्या लोकांना दुसरी बिदागी कोणी देत नाही.